उतरणीचे मासे आणि ‘वाया’ गेलेलं पाणी

मृगाचा पहिला दणका झाला की ओढ्याला लाल पाणी येतं आणि गावातली निम्मी पोरं बुट्टी, जाळं, आईची फाटकी साडी, जे हाताला लागेल ते घेऊन पुलाखाली जमतात. चढणीचे मासे धरायला. सांगली-साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाण्याला ओढ आली की मासा उलटा चढतो, ओढ नसली की डोहात बसून राहतो. हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या लोकांनीच गेल्या आठवड्यात ऊसवाल्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरवला. दोन दिवसांत तो माझ्याकडे पाच वाटांनी आला. शेवटी आमच्या आप्पांनी, म्हणजे थोरल्या चुलतभावानं, तो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तू पाटबंधाऱ्यात होतास, वाच जरा.’

वाचला, आप्पा. आता तुम्ही हे वाचा.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं सॅल्मन माशाच्या पिल्लांसाठी धरणातलं पाणी सोडलं, निम्मं पाणी समुद्रात घालवलं, शेतकरी मारला आणि मासे काही वाढले नाहीत. मासा पोहणारा जीव, त्याला समुद्रात जायला पाणी कशाला सोडायचं? सोडायचंच तर रोज थोडं थोडं सोडा, एकदम सोडायची नाटकं कशाला? तेही नको तर टँकरमध्ये भरून समुद्रात नेऊन ओता. आणि शेवटी नेहमीचं: तेव्हा आपल्याकडे ‘कृष्णेत पाणी वाहतं ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

मी माशांचा डॉक्टर नाही. कालवा निरीक्षक म्हणून नोकरी केली, क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) आणि आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) यांतच केस पांढरे झाले. पण निवृत्तीनंतर या सॅल्मनचा नाद लागला, कारण तिकडचं भांडण हुबेहूब आपल्या कालव्यावरच्या भांडणासारखं आहे.

पहिलं वाक्य: ‘मासा पोहणारा जीव आहे.’ आहेच. पण मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चढणारा, हातभर लांब, धबधब्यावर उडी मारणारा सॅल्मन आहे. विषय त्याचा नाहीच. विषय उतरणीच्या माशांचा आहे. सॅल्मन नदीच्या गोट्यांत अंडी घालतो. पिल्लू तिथंच काही महिने वाढतं आणि बोटाएवढं झालं की समुद्राकडे निघतं. आपल्याकडे मत्स्यबीजवाले ज्याला बोटुकली म्हणतात ना, तेवढंच. कॅलिफोर्नियाच्या साक्रामेंटो नदीत या बोटुकलीला 500 किलोमीटरांहून जास्त अंतर कापायचं असतं. ती हे अंतर पोहून काटत नाही. बराचसा प्रवास ती वाहत जाते, तोही पुष्कळदा रात्री, आणि गंमत म्हणजे अनेकदा तोंड वरच्या अंगाला, शेपूट खालच्या अंगाला ठेवून. नदी तिला नेते. आप्पा, तुम्ही एस्टीत बसून पुण्याला जाता तेव्हा ‘माणूस चालणारा जीव आहे, एस्टी कशाला’ असं कुणी म्हणत नाही.

आणि तिला वेळेत पोचायचं असतं, हे तर मेसेजवाल्याच्या गावीच नाही. गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर मीठ धरून ठेवतं, समुद्रातल्या माशाचं शरीर मीठ बाहेर फेकतं. बोटुकली समुद्राकडे निघते तेव्हा तिच्या कल्ल्यांतली ही सगळी यंत्रणा उलटी फिरायला लागते. अंगावरचे पट्टे जातात, चांदीसारखी चकाकी येते. ही तयारी काही आठवड्यांपुरतीच असते. पाणी तापलं तर ती अर्ध्यावर मोडते आणि शरीर पुन्हा गोड्या पाण्याच्या सवयीला परततं. मुहूर्त टळला की टळला.

पूर्वी हा मुहूर्त नदीच साधायची. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळायचा, साक्रामेंटोला थंड, गढूळ पूर यायचा आणि बोटुकल्या त्या पुरावर बसून खाली जायच्या. 1945 साली शास्ता धरण पुरं झालं. साठा सुमारे 198 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), आपल्या कोयनेच्या जवळजवळ दुप्पट. हे धरण वसंताचं पाणी अडवतं आणि उन्हाळ्यात शेतीला सोडतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं उत्तम. पण मासळीच्या दृष्टीनं नदीचं पंचांगच उलटं झालं: निघायच्या वेळेला नदी उतरलेली आणि निघून गेल्यावर भरलेली.

उतरलेल्या नदीत पाणी संथ आणि निवळ असतं. वाहून जायला दिवस जास्त लागतात, आणि जितके दिवस जास्त तितक्या वेळा मोठ्या माशाच्या तोंडासमोरून जाणं आलं. त्यातला पट्टेरी बास हा मासा तर 1879 साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसांनीच तिथं आणून सोडला. गढूळ पाणी म्हणजे बोटुकलीची घोंगडी. ती ओढून घेतली की पोर उघडं पडतं.

आता माझा आवडता मुद्दा: ‘सोडायचंच तर रोज थोडं थोडं सोडा.’

हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याची जमीन कालव्याच्या तोंडाला असणार, टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, नाही. पैज लावतो. शंभर क्युसेकच्या कालव्यात तीस क्युसेक सोडून बघा. वरची चार गावं पितात, बाकीचं झिरपतं, गवतात मुरतं, आणि टेलचा शेतकरी फाट्यावर बसून कोरड्या चारीकडे बघत राहतो. टेलला पाणी पोचवायचं तर कालवा पुऱ्या क्षमतेनं चालवावा लागतो, मग चारच दिवस का असेना. तेच पाणी महिनाभर थेंबथेंब सोडलं तर कागदावर सगळं सोडलेलं दिसतं आणि शेतात काहीच पोचत नाही. आमच्या खात्यात यावरून किती मोर्चे झेललेत ते मलाच माहीत.

नदीतल्या बोटुकलीचंही असंच आहे, आणि हे अंदाजानं सांगत नाही, तिकडे मोजलंय. बोटुकल्यांच्या पोटात आवाजाचे संकेत देणारे बारीक टॅग बसवतात, नदीत जागोजागी ते ऐकणारी यंत्रं लावतात आणि कोण कुठवर पोचलं ते बघतात. अनेक वर्षांच्या अशा नोंदींवरून 2021 साली जे प्रसिद्ध झालं ते सांगलीच्या कुठल्याही माणसाला समजेल, कारण आकडे क्युसेकमध्येच आहेत. साक्रामेंटोच्या एका लांब टप्प्यात प्रवाह 4,259 क्युसेकच्या खाली असताना शंभरातली 3 पिल्लं तो टप्पा जिवंत पार करायची. 4,259 ते 10,712 च्या दरम्यान सुमारे 19. आणि 10,712 च्या वर गेलं की सुमारे 51.

हे पुन्हा वाचा. पाच हजारांवरून नऊ हजार केलं तरी पिल्लं त्याच पायरीवर राहतात. अकरा हजार केलं की एकदम अडीच पटीच्या वर उडी. चढ सरळ नाही, पायऱ्यांचा आहे. म्हणजे हातात थोडंच जादा पाणी असेल तर ते रोज पसरून देणं हा ते वाया घालवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. त्यापेक्षा योग्य आठवड्यात, पिल्लं निघायच्या वेळी, तीन-चार दिवस प्रवाह पायरीच्या वर न्यायचा आणि मग खाली आणायचा. हिशेब तुम्हीच करा. 11,574 क्युसेक एक दिवस चालवलं की 1 टीएमसी होतं. 10,712 तीन दिवस म्हणजे पावणेतीन टीएमसीच्या आसपास, आणि त्यातलंही बरंच पाणी नदीत आधीच वाहत असतं, धरणातून वरची भर तेवढी घालायची. 198 टीएमसीच्या धरणाला हे फार आहे का, यावर भांडायला मी तयार आहे. पण ‘एकदम सोडणं नाटक’ यावर भांडायला काही उरत नाही.

याच अभ्यासातली एक गोष्ट नदीवाल्या मंडळींना आवडणार नाही, तीही सांगून टाकतो. 22,872 क्युसेकच्या वर गेलं तेव्हा जगणाऱ्यांचं प्रमाण पुन्हा 35 टक्क्यांच्या आसपास खाली आलं. जास्त पाणी म्हणजे जास्त मासे, हे सूत्रही खरं नाही. अमेरिकेच्या वायव्येकडच्या कोलंबिया नदीवर याचा दुसरा नमुना दिसतो. तिथं तिला मिळणाऱ्या स्नेक नदीतल्या पिल्लाला समुद्रापर्यंत आठ धरणं ओलांडावी लागतात. टर्बाइनमधून जाण्यापेक्षा सांडव्यावरून जाणं त्याला बरं, म्हणून वसंतात सांडव्यावरून मुद्दाम पाणी सोडतात. पण सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवा घेऊन खोल जातं, पाण्यात वायू प्रमाणाबाहेर विरघळतो आणि माशाच्या अंगात बुडबुडे धरतात. म्हणून विरघळलेल्या वायूवर मर्यादा घातली आहे आणि सांडवा त्या हिशेबानं चालवतात. आपल्या पायथ्याच्या वीजगृहावर काम केलेल्याला विचारा, गेट किती इंच उचलायचं यावर किती फोन होतात. तिकडे त्या फोनवर मासाही आहे, एवढाच फरक.

एकदम सोडण्याचं आणखी एक कारण कॅलिफोर्नियाच्याच उत्तरेकडच्या क्लामथ नदीवर दिसलं. तिथं बोटुकल्यांना एका परजीवीची लागण व्हायची. हा परजीवी आधी नदीच्या तळाशी राहणाऱ्या एका बारक्या किड्यात वाढतो. धरणाखाली वर्षानुवर्षं सपाट, एकसारखं पाणी वाहिलं की तळ हलत नाही आणि किड्याची वस्ती माजते. आपल्या गटारीसारखंच, वरून जोराचं पाणी आल्याशिवाय तळ साफ होत नाही. म्हणून 2017 साली न्यायालयानं तिथं 6,030 क्युसेक सलग 72 तास सोडायला लावलं. दीड टीएमसी. हेच पाणी वर्षभर थोडं थोडं सोडलं असतं तर एक किडाही जागचा हलला नसता. पुढं 2024 मध्ये त्या नदीवरची चार धरणंच काढून टाकली आणि त्याच वर्षीच्या शरदात सॅल्मन धरणांच्या जागेच्या वर चढले. पण धरणं काढायची गोष्ट इथं सुरू केली तर आप्पा मला जेवायला बोलावणार नाहीत.

‘निम्मं पाणी समुद्रात घालवलं.’ हा आकडा कुठून आला ते माहीत आहे, आणि तो धादांत खोटा नाही, म्हणूनच चालतो. कॅलिफोर्नियाच्या पाण्याचा ठोकळ हिशेब मांडताना पर्यावरणाला निम्मं, शेतीला 40 टक्के आणि शहरांना 10 टक्के असं लिहितात. पण त्या निम्म्यात उत्तर किनाऱ्यावरच्या, डोंगरातून थेट समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी मोठं आहे. तिथून ते शेतीकडे वळवायला धड कालवाही नाही. आपल्या कोकणातल्या नद्यांचं पावसाळी पाणी ‘माशांना दिलं’ म्हणून खात्यावर टाकावं, तसला हा प्रकार. शेतीचा आणि माशाचा खरा झगडा ज्या नदीखोऱ्यात आहे तिथला हिशेब काढला की ‘निम्मं’ टिकत नाही.

उरलेल्यातही एक मोठा वाटा माशाचा नसून शेतकऱ्याचाच आहे. साक्रामेंटो समुद्राच्या खाडीला मिळते तिथं मोठा त्रिभुज प्रदेश आहे आणि दक्षिणेच्या शेतीला पाणी उचलणारे अजस्र पंप तिथंच आहेत. नदीनं समुद्राकडे पाणी ढकललं नाही तर भरतीचं खारं पाणी त्या पंपांपर्यंत वर सरकतं. समुद्रात जाणारं ते पाणी खारं पाणी मागं रेटत असतं. मिरज-वाळव्याकडे क्षारपड झालेली रानं बघितलेल्या माणसाला मीठ शेताचं काय करतं ते मी काय सांगू?

‘मासे काही वाढले नाहीत.’ हा मेसेजमधला सगळ्यात जड दगड, आणि तो मी बाजूला सारणार नाही. मासे खरंच कमी आहेत. कॅलिफोर्नियात 2008 आणि 2009 मध्ये सॅल्मनची व्यापारी मासेमारी बंद ठेवावी लागली, पुन्हा 2023, 2024 आणि 2025 मध्ये. पण पाणी आणि मासे यांच्यामध्ये किती वर्षं जातात ते मेसेजवाल्यानं मोजलं नाही. सॅल्मन साधारण तीन वर्षांचा झाला की समुद्रातून परत येतो. आज उतरलेली बोटुकली दोन-तीन वर्षांनी मोजणीत दिसते. 2023 ची बंदी ही 2020 ते 2022 च्या दुष्काळात नदी आटलेली असताना काय घडलं त्याची पावती आहे. आडसाली ऊस लावल्यावर तिसऱ्या महिन्यात ‘साखर कुठाय’ विचारणाऱ्याला आपण काय म्हणतो?

2014 आणि 2015 ची गोष्ट तर आणखी बोलकी. साक्रामेंटोत हिवाळ्यात चढणारी चिनूक सॅल्मनची एक जात आहे, संकटात असलेली. ती उन्हाळ्यात अंडी घालते, म्हणून अंड्यांना थंड पाणी लागतं. पूर्वी ती डोंगरातल्या झऱ्यांपर्यंत जायची, आता शास्ता धरण आडवं आहे. धरणाच्या तळाशी थंड पाणी असतं, ते उन्हाळाभर पुरवून वापरायचं म्हणून 1997 साली धरणाला खास झडपांची रचना बसवली, कोणत्या थरातलं पाणी सोडायचं ते ठरवायला. दुष्काळात थंड पाणी वेळेआधी संपलं. त्या दोन वर्षांत त्या जातीची नव्वद टक्क्यांहून जास्त अंडी-पिल्लं गेली. म्हणजे ज्या वर्षांत माशाला हवं तसं पाणी मिळालं नाही तीच वर्षं दाखवून मेसेज म्हणतो, पाणी देऊन उपयोग झाला नाही.

यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. प्रयोगशाळेत जेवढ्या तापमानाला अंडी तगतात, तेवढ्याला नदीत तगत नाहीत, नदीतलं पाणी सुमारे 3 अंश जास्त थंड लागतं. कारण काय, तर गोट्यांमधून पाणी सावकाश सरकतं, अंड्याला प्राणवायू कमी पोचतो आणि पाणी गरम झालं की अंड्याची भूक वाढते. थंडी आणि वेग हे दोन हिशेब वेगळे ठेवून चालत नाहीत. कागदावर ‘इतके क्युसेक सोडले’ लिहून फाइल बंद करणाऱ्या आम्हा खातेवाल्यांना ही चपराक आहे.

आणि हो, नुसत्या पाण्यानं सगळं होत नाही, हे मेसेजवाल्याचं बरोबर आहे, त्यानं ते म्हटलेलं नसलं तरी. तिथल्या मध्य खोऱ्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त पाणथळ जमीन बांध घालून शेतीखाली आणलेली आहे. पूर्वी पूर पसरायचा, पिल्लं उथळ, कोमट, किड्यामुंग्यांनी भरलेल्या पाण्यात आठवडे काढायची, लठ्ठ होऊन समुद्राला जायची. आता साक्रामेंटो शहराजवळ योलो नावाच्या पूरवाटेत, कापणी झालेल्या भाताच्या खाचरांत हिवाळ्यात पाणी धरून तिथं पिल्लं वाढवून बघितली. नदीत राहिलेल्यांपेक्षा ती भराभर वाढली. शेतकऱ्याचं पीक गेलं नाही, कारण पीक आधीच निघालं होतं. पाणी कधी आणि कुठं, यावर सगळं आहे.

टँकरचं उत्तर एका परिच्छेदात संपतं. ते करतात. 2021 च्या दुष्काळात कॅलिफोर्नियानं 1.6 कोटींहून जास्त पिल्लं ट्रकनं नेली. पण ती मत्स्यबीज केंद्रातली, हौदात मोजून ठेवलेली. नदीत जन्मलेली कोण गोळा करणार? शिवाय सॅल्मन उतरताना वाटेतल्या पाण्याचे वास लक्षात ठेवत जातो आणि दोन-तीन वर्षांनी त्याच वासांचा माग काढत परततो. ट्रकनं गेलेल्याला वाट ठाऊकच नसते, तो पुष्कळदा भलत्याच नदीत चढतो. डोळे बांधून मुंबईला नेलेल्या माणसाला ‘आता ये घरी चालत’ म्हणण्यासारखं आहे.

राहता राहिली कृष्णा. इथं मी आप्पांच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करतो: कृष्णेत सॅल्मन नाही, आणि वरचा एकही आकडा उचलून कृष्णेला चिकटवू नये. 10,712 हा साक्रामेंटोच्या त्या टप्प्याचा आकडा आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सुटतं, त्याच्याशी ताडून बघू नका. इकडचा मासा वेगळा, ऋतू वेगळा, आणि 2019 ला आयर्विन पुलाखाली 57 फुटांच्या वर पाणी बघितलेल्या सांगलीकराला ‘पूर चांगला’ हे ऐकवायची माझी छाती नाही. कोयनेच्या 105.25 टीएमसीपैकी 67.5 टीएमसी वर्षाला विजेसाठी पश्चिमेला वळवायची मुभा आहे, ते पाणी उसाला येत नाही की माशाला. तेव्हा भांडण नेहमी ऊस विरुद्ध मासा असं मांडणाऱ्यांनी आधी तो आकडा बघावा.

मेसेजचा शेवटचा निष्कर्ष मात्र चुकीचाच आहे, आणि तो चुकीचा आहे हे दाखवायला एकच जागा पुरे: कोलंबिया नदीवरचा हॅनफर्डचा टप्पा, प्रिस्ट रॅपिड्स धरणाच्या खालचा. तिथलं धरण विजेच्या मागणीप्रमाणे पाणी कमी-जास्त करायचं. मागणी वाढली की पाणी वर, कमी झाली की खाली. सॅल्मन शरदात दिवसा अंडी घालतात. पाणी वर असताना काठाजवळच्या गोट्यांत अंडी पडायची, पाणी उतरलं की ती उघडी पडून सुकायची. 1988 साली वीज कंपन्या, मत्स्य खाती आणि तिथल्या आदिवासी जमाती यांच्यात करार झाला. अंडी घालायच्या दिवसांत दिवसा पाणी मुद्दाम खाली ठेवायचं, म्हणजे मासे नदीच्या मध्याकडे, खोलात अंडी घालतील. मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत पाणी त्या पातळीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. 2004 मध्ये आणखी एक करार झाला, पिल्लं काठाच्या डबक्यांत अडकू नयेत म्हणून पाणी झपाट्यानं उतरवायचं नाही, असा. पाणी समुद्रात गेलं ते जवळपास तेवढंच. वीजही तयार झाली. बदललं ते फक्त घड्याळ. हॅनफर्डचा टप्पा आज शरदात चढणाऱ्या चिनूकच्या सगळ्यात भरभक्कम ठिकाणांपैकी एक आहे.

आप्पा, ऑक्टोबरात आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात तेव्हा एकदा खालच्या अंगाला या. वर पाणी तुंबायला लागलं की खालचं पाणी सकाळपासून दुपारपर्यंत उतरतं आणि खडकांत डबकी राहतात. पोरं टॉवेलनं मासे धरतात, बोटभर लांबीचे, शेकड्यानं. धरणात त्या दिवशी किती टीएमसी आहे याच्याशी त्या डबक्याला काही घेणंदेणं नसतं. बरगे सकाळी आठला सगळे एकदम घातले, की दोन दिवसांत थोडे थोडे घातले, एवढाच त्याचा प्रश्न असतो. इथं मात्र ‘थोडं थोडं’ बरोबर आहे.

हे ग्रुपवर टाकलं तरी चालेल.